एकतिसावं घर

“हाऊ ड्रम देखा, कौतिकभाऊ.” बेबाबाईनं निळा ड्रम लोटत आणला आणि बरोब्बर त्याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला टेकवला. “वाकीसन देखा. पानीना एक थेंब शे का?”

कौतिकनं ब्रेक दाबला. कॅरिअरला बांधलेली वालाची लोखंडी चावी खणकन वाजली. बेबाबाईनं वाकून बघ म्हटल्यावर न बघण्याची सोय गल्लीत कुणालाच नव्हती, त्यालाही नव्हती. त्यानं वाकून पाहिलं. ड्रमच्या तळाला मातीची पापडी धरली होती.

“काल तं सोडलं पानी,” तो म्हणाला. “मेसेज टाकला, मंगच वाल उघडला.”

“कोनले टाका?” तिनं मोबाइल काढून त्याच्या नाकासमोर धरला. “मना मोबाईल हाऊ शे. तुमना मेसेज कोठे शे, तेवढं देखाडा.”

मोबाइलमध्ये रिचार्जच्या जाहिराती होत्या, कुठल्याशा दुकानाचा सेल होता. पाण्याचा मेसेज नव्हता. मागच्या पाळीचा नव्हता आणि त्याच्या मागच्या पाळीचाही नव्हता. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तीन पाळ्या हुकणं म्हणजे काय, हे कौतिकला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बेबाबाई माहेरची धुळ्याकडची. लग्न होऊन या गावात तीस वर्षं झाली तरी तिनं तिकडची बोली सोडली नव्हती आणि भांडताना तर त्या बोलीला नवीच धार चढायची. दिवसभर ती केळीच्या पॅकिंग शेडमध्ये पाण्याच्या हौदात हात घालून केळीच्या फण्या धुवायची आणि संध्याकाळी घरी येऊन हातपंपावर नंबर लावायची. तिचा राग खोटा होता असं कोण म्हणेल?

“पेठम्हा बठ्ठासले मेसेज जास,” ती म्हणाली. आता शेजारच्या दारांतही बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. “आम्हलेच नई. का बरं नई? तठे तुम्हले च्या भेटस. आमना घर कोन च्या पाजी?”

कौतिकला थोबाडीत बसल्यासारखं झालं. पेठेत त्याला चहा मिळायचा हे खरं होतं. ते साऱ्या गावाला माहीत होतं आणि आजवर त्यात कुणाला काही खुपलं नव्हतं. ड्रम हातानं बाजूला सरकवून तो सायकल ढकलत निघाला. चढायचंही त्याला सुचलं नाही.

कौतिक ग्रामपंचायतीचा वालमन. भुसावळहून यावलला जाताना केळीच्या बागांमध्ये एक बऱ्यापैकी मोठं गाव लागतं, त्याच्या खालच्या भागाचं पाणी गेली अठ्ठावीस वर्षं त्याच्या हातात होतं. खालचा भाग म्हणजे पेठ आणि तिच्या मागच्या तीन गल्ल्या, मिळून एकशे अठरा घरं. पूर्वी वाल उघडायच्या आधी तो सायकलवरून फेरी मारून ओरडायचा. मग घरोघरी कूलर आले, दारं बंद व्हायला लागली, बायका शेडवर आणि शाळांवर कामाला जायला लागल्या. ओरडणं कुणाच्या कानावर जाईना. म्हणून यंदा जानेवारीत ग्रामसेवक हितेंद्रसाहेबांनी जळगावच्या एका ओळखीच्या माणसाकडून अॅप करून घेतलं. एक बटण दाबलं की कौतिकच्याच मोबाइलवरून एकशे अठरा घरांना मेसेज: ‘खालचा भाग. अर्ध्या तासात पाणी सोडत आहे. वालमन कौतिक.’

आपलं नाव एकशे अठरा घरांत जातं याचं त्याला पहिल्या दिवशी इतकं अप्रूप वाटलं होतं की त्यानं धुळ्याला मुलीला फोन करून सांगितलं.

बटण दाबलं की अॅपवर हिरवी खूण यायची आणि खाली आकडा, ११८. तो आकडा बघितला की कौतिक मोबाइल जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा, झाकण घट्ट लावायचा आणि चावी घेऊन खड्ड्यात उतरायचा. वालाचा खड्डा कायम पोटरीभर पाण्यानं भरलेला. तिथे त्याचे दोन मोबाइल जलसमाधी घेऊन बसले होते. तिसरा नूतननं, म्हणजे त्याच्या मुलीनं, दिवाळीत घेऊन दिला होता आणि तो बुडवून तिला तोंड दाखवायची त्याची तयारी नव्हती. डबा ही त्याची स्वतःची युक्ती होती. ती तो अभिमानानं सांगायचा.

त्या दिवशी बेबाबाईच्या दारातून तो थेट ग्रामपंचायतीत गेला. हितेंद्रसाहेबांनी अॅप उघडून पाहिलं. यादी नीट होती, बेबाबाईचा नंबर बरोबर होता. त्यांनी स्वतःच्या नंबरावर एक मेसेज टाकून पाहिला, तो चटकन आला.

“अॅप तर ठणठणीत आहे भाऊ,” ते म्हणाले. “तुम्ही बटण दाबता ना नक्की?”

“साहेब, अठ्ठावीस वर्षं झाली. बटन दाबाले चुकीन का मी?”

मग कौतिकनं एक शहाणपणा केला आणि तोच त्याच्या अंगाशी आला. त्यानं तिथेच बसून बेबाबाईच्या नंबरावर हातानं मेसेज लिहून पाठवला. तो तिला मिळाला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा झाला, की कौतिकभाऊच्या मनात आलं की मेसेज येतो, मनात नसलं की येत नाही.

चार दिवसांनी पाळी आली. खड्ड्यातून वर येऊन तो पाय पुसत होता, तेवढ्यात उत्तमचंद शेठनी नेहमीसारखी दुकानातून हाक मारली, “कौतिकभाऊ, चहा गार होतोय.”

उत्तमचंद शेठचं कापडाचं दुकान पेठेच्या तोंडाशीच. यादीतलं पहिलं घर त्यांचं. दुकानाच्या ओट्यावर बसून कपभर चहा प्यायचा आणि मग पुढे जायचं, हा कौतिकचा शेठच्या वडिलांपासूनचा शिरस्ता.

“नको शेठ. आजपासून राहू द्या.”

शेठनी चष्मा वर केला. “काय बोलले का कोणी?” गावात काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. “अरे, चहासाठी तू पाण्याचा मेसेज देशील असा आहेस का? मी जाऊन सांगतो त्यांना.”

“तुमी सांगितलं तं जास्तच होईल,” कौतिक म्हणाला. शेठनीही समजून कप आत पाठवला.

त्या पाळीलाही मागच्या गल्ल्यांत मेसेज गेला नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज आला. त्रेचाळीस बायकांच्या सह्या, पहिली बेबाबाईची. ‘वालमन कौतिक हे पाणी सोडताना पक्षपात करतात. तरी त्यांना खालच्या भागावरून काढावे.’ गुरुवारी बैठकीत अर्जावर निर्णय होणार होता.

कामावरून काढतील याची त्याला तशी फार भीती नव्हती. काढून काढून वरच्या भागाला टाकतील, नाहीतर ऑफिसात बसवतील. पण तो शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. तो जेवायला बसला की पक्षपात त्याच्या ताटासमोर येऊन बसायचा. नदीच्या पाण्याला उन्हाळ्यात मातीचा वास येतो, ते आधी वाहून जावं म्हणून, लग्नघर आहे म्हणून, कुणाची बाळंतीण घरी आलीय म्हणून त्यानं वाल पाच-दहा मिनिटं जास्त उघडा ठेवला असेल, पण तो सगळ्यांसाठीच ठेवला होता. पाइपात वेगळा रस्ता नसतो. हे कुणाला कसं सांगणार? सांगितलं तर सफाई दिल्यासारखं दिसणार.

गुरुवारच्या आधी एक पाळी होती, बुधवारची. सकाळी नऊला त्यानं बटण दाबलं. हिरवी खूण आली, ११८ आला. तो डब्याचं झाकण उघडतोय तोच टाकीवरच्या झिपरूचा फोन आला.

“कौतिक, वाल खोलू नको. नदीवरच्या जॅकवेलची लाइट गेली व्हती, टाकी अर्धीच आहे. पंधरा मिन्टं थांब.”

कौतिक खड्ड्याच्या कडेला बसला. मोबाइल हातातच राहिला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर पडद्यावर एक चौकट उमटली.

‘हे अॅप मोठ्या संख्येने मेसेज पाठवत आहे. त्याला मेसेज पाठवणे सुरू ठेवण्याची अनुमती द्यायची का?’ खाली दोन शब्द होते. नकार द्या. अनुमती द्या.

ही चौकट त्याच्या ओळखीची होती. खड्ड्यातून वर आलं, डबा उघडला, की ही दर पाळीला समोर असायचीच. आधी तो न वाचताच हो म्हणायचा, पण गेला महिनाभर त्याचं एकच उत्तर होतं. त्याचा अंगठा आताही सवयीनं ‘नकार द्या’वर गेला होता.

त्याला कारण नूतन होती. ती धुळ्याला दवाखान्यात नर्स. गेल्या महिन्यात तिच्या वॉर्डातल्या एका सिस्टरनं कुठल्याशा अॅपला हो म्हटलं आणि तिच्या फोनवरून भलत्याच लोकांना भलतेच मेसेज गेले. त्या दिवसापासून नूतननं बापाला पाठ करायला लावलं होतं, “बाबा, मोबाइल परवानगी मागायला लागला की नाही म्हणायचं. वाचत बसायचं नाही. सरळ नाही.” लेकीचा शब्द कौतिकनं आजवर मोडला नव्हता.

आज मात्र त्याला वेळ होता, म्हणून त्यानं चौकट वाचली. एकदा वाचली, मग बोटानं शब्द धरून पुन्हा वाचली. सुरू ठेवण्याची. म्हणजे थांबलंय की काय?

त्यानं उत्तमचंद शेठच्या दुकानाकडे पाहिलं. शेठच्या घरातून कुणीतरी पाण्याच्या मोटारीची वायर ओट्यावर सोडत होतं. शेजारच्या घरीही लगबग होती. रुपचंदच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्या दारांत हंडे दिसत होते आणि गिरणीच्या पुढे गल्ली सामसूम. त्यानं बोटांवर घरं मोजली. शेठपासून गिरणीपर्यंत तीस. एकतिसावं घर बेबाबाईचं.

त्यानं नूतनला फोन लावला आणि चौकट शब्दाला शब्द वाचून दाखवली.

“अहो बाबा,” नूतन म्हणाली, “ते तुम्हीच पाठवताय ना? एकदम खूप मेसेज गेले की फोन मध्येच थांबतो आणि मालकाला विचारतो. कुणी चोर तर पाठवत नाही ना म्हणून. हो म्हणा.”

“तू तं सांगतलं व्हतं, नाही म्हनाचं.”

पलीकडे नूतननं वॉर्डाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, मी अनोळखी अॅपचं सांगितलं होतं. तुम्ही तेव्हापासून यालाही नाहीच म्हणताय?”

त्यानं ‘अनुमती द्या’वर अंगठा ठेवला आणि दाबला. जरा वेळानं चौकट पुन्हा आली, त्यानं पुन्हा दाबला. मागच्या गल्लीत कुठेतरी टिंग झालं. मग आणखी एक. मग दारांच्या कड्या निघाल्या, पोरींना हाका गेल्या, ड्रम फरफटत बाहेर आले. कौतिकचा जीव भांड्यात पडला. आपण कुणाचं पाणी तोडलं नव्हतं! नऊ-दहा दिवसांत त्यानं असा मोकळा श्वास घेतला नव्हता. खड्ड्याच्या कडेला बसल्या बसल्या त्यानं एकट्यानंच हसून घेतलं.

त्याचं हसू पंधरा मिनिटंही टिकलं नाही. पॅकिंग शेडवरच्या बायका टेम्पोतून उतरून धावत आल्या, त्यांत बेबाबाई होती. पळता पळता ती त्याच्याजवळ थांबली.

“देख, कसा मेसेज ऊना,” ती म्हणाली. “अर्ज दिधा नई तं ऊना लगेच!” आणि पदर खोचून पुढे निघून गेली.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत पंखा फिरत होता आणि तरीही सगळे घामाघूम होते. अर्जावाल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या, उत्तमचंद शेठ सदस्य म्हणून खुर्चीवर. कौतिकनं दारातच हितेंद्रसाहेबांना बाजूला घेऊन चौकटीची गोष्ट सांगितली. साहेबांनी हुश्श केलं.

“मग झालं की! अॅपवाल्याची चूक आहे. त्यानं आधी सांगायला हवं होतं. आपण जळगावला पत्र टाकू. तुम्ही काही बोलू नका, मी बोलतो.”

साहेबांचा मार्ग सोपा होता आणि पुरता खोटाही नव्हता. कौतिकला तो दोन क्षण फार बरा वाटला. मग त्यानं मान हलवली.

“नही साहेब. मीच बोलतो.”

तो पुढे गेला. टेबलावर अर्ज पडला होता. त्याच्याकडे न बघता त्यानं मोबाइल काढला आणि मेसेज बदलून लिहिला, ‘पाणी नाही. फक्त तपासणी. कौतिक.’ नाहीतर घरोघर लोक ड्रम घेऊन उठले असते. मग बटण दाबलं. उत्तमचंद शेठचा खिसा वाजला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यातल्या एकीचाही मोबाइल वाजला नाही.

“पाहा,” एकजण पुटपुटली.

“थांबा,” कौतिक म्हणाला. पडद्यावर चौकट आली होती. तो खाली वाकला आणि मोबाइल बेबाबाईच्या हातात दिला. “वाचा.”

बेबाबाईनं मोठ्यांदा वाचलं.

“तुमीच दाबा. अनुमती द्या, तिथं.”

तिनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि दाबलं. तिच्या मांडीवरचा मोबाइल त्याच क्षणी वाजला. ती दचकलीच. मग तिच्या शेजारणीचा वाजला, मग मागच्या रांगेतला, आणि थोड्या वेळानं खोलीभर नुसतं टिंग टिंग झालं.

“अॅपवर ११८ येते, पन तीस घरं झाली की मोबाइल थांबून इचारतो,” कौतिक सांगू लागला. “मी खड्ड्यात राहो आन् मोबाइल डब्यात. वर येऊन पाहिलं, तं ही चौकट. मोबाइलनं मले दर खेपेले इचारलं. मी दर खेपेले नाही म्हनलो. न वाचता म्हनलो. पेठ पहिली आहे, म्हनून तिले भेटला. चूक अॅपची नही, मोबाइलची नही. बोट माहं व्हतं.” त्यानं टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. “पक्षपात नही केला. तुमाले पानी भेटलं नही, ते मात्र माह्यामुळेच.”

हितेंद्रसाहेबांनी कपाळाला हात लावला. बेबाबाई त्याचा मोबाइल हातात धरून बसली होती.

“आनि हाई बठ्ठं तुम्हले कधय समजनं?” तिनं विचारलं.

“काल. तुमी टेम्पोतून उतरल्या ना, त्याच्या आंधी.”

“मंग तठेच सांगनं व्हतं.”

“तुमी थांबल्या कुठी?”

कुणीतरी फिसकन हसलं. बेबाबाईलाही हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं. मग ती उठली. टेबलाजवळ जाऊन तिनं मोबाइल कौतिकच्या पुढे ठेवला, अर्ज ओढून घेतला आणि साहेबांच्या हातातलं पेन न विचारता काढून घेतलं.

“पयलं नाव मनं शे,” ती म्हणाली. “मीच खोडस.”

“अहो बाई, एकदा दाखल झालेला अर्ज असा खोडता येत नाही,” हितेंद्रसाहेब म्हणाले. पण तोवर रेघ मारून झाली होती. तिनं पेन शेजारणीला दिलं, शेजारणीनं आपल्या नावावर रेघ मारली आणि पुढच्या बाईला दिलं. साहेब बघत राहिले. उत्तमचंद शेठनी खुर्ची मागे सरकवून बायकांना वाट करून दिली.

कौतिकला बस म्हटलं तरी तो बसला नाही. त्याला ते बघवतही नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. डोळे भरून यायला लागले तसा तो पंख्याकडे बघू लागला.

सगळ्यात शेवटी धनसिंगची माय आली. ऐंशीच्या घरातली, शेवटच्या गल्लीत एकटी राहणारी म्हातारी. तिला लिहिता येत नव्हतं. अर्जाच्या तळाशी निळ्या शाईत तिचा अंगठा उमटला होता. तिनं पेन हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कौतिकपुढे धरलं.

“माहा अंगठा तूच खोड रे बाबा.”

“मी कसा खोडू माय? तुमचा आहे तो.”

“माहाच आहे. म्हनूनच मी तुले सांगून राह्यली.”

कौतिकनं पेन घेतलं. वालाची चावी फिरवून फिरवून राठ झालेल्या त्या हाताला पेनाची सवय नव्हती. तो टेबलावर ओणवा झाला. अंगठ्याच्या बारीक रेषा कागदावर स्पष्ट दिसत होत्या. त्यांना धक्का लागू नये इतक्या हलक्या हातानं त्यानं त्यांच्यावरून एक रेघ ओढली. म्हातारी शेजारी उभी राहून ती रेघ पुरी होईपर्यंत बघत होती.